ऑर्थो कोणाला मिळतं?

अमेरिकेत दात सरळ करणारे तज्ज्ञ डॉक्टर कोण होणार आणि कोण कुठल्या गावात शिकणार, याचा शेवटचा हिशेब बहुतांशी कॅनडात होतो. टोरांटोत नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेस नावाची एक कंपनी आहे. उमेदवार आपापल्या पसंतीच्या क्रमाने विद्यापीठांची यादी तिच्याकडे पाठवतात, विद्यापीठं आपल्या पसंतीच्या क्रमाने उमेदवारांची यादी पाठवतात, आणि संगणक या दोन ढिगांतून जोड्या लावतो. लागलेली जोडी दोघांनाही बंधनकारक. पुढची दोन-तीन वर्षं कुठे काढायची, कर्ज किती होणार, नवराबायकोने एका गावात राहायचं की दोन, सगळं त्या एका निकालावर.

संगणक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुणवत्ता यादी येते. इथे तसं काही नाही. त्या संगणकाला कोणाचे मार्क ठाऊक नसतात, कोण कुठल्या कॉलेजातून आलं ते ठाऊक नसतं, मुलाखतीत कोण अडखळलं तेही नाही. त्याच्या हातात नुसता क्रम असतो: हिला आधी ते हवं, मग हे, त्यांना आधी ती हवी, मग हा. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर तो असं वाटप करतो की उमेदवाराला लबाडी करून काडीचाही फायदा उठवता येत नाही, आणि ही गोष्ट गणिताने सिद्ध झालेली आहे. गंमत अशी, की या शेवटच्या पायरीइतकी पक्की पायरी आधीच्या सगळ्या वाटेत एकही नाही. उमेदवाराचं नाव विद्यापीठाच्या यादीत मुळात चढतं कसं, आणि कितवं चढतं, हा सगळा माणसांचा कारभार.

आधी एवढी झुंबड कशासाठी, ते पाहू. ऑर्थोडॉन्टिक्स, विद्यार्थ्यांच्या तोंडी नुसतं ऑर्थो, म्हणजे तारा लावून दात आणि जबडे जागेवर आणण्याची शाखा. अमेरिकेत साधारणपणे आधी कॉलेजची चार वर्षं, मग दंतवैद्यकाची चार, आणि त्यानंतर ऑर्थोची रेसिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, किमान चोवीस महिन्यांचं, बऱ्याच ठिकाणी त्याहून लांब. देशभरात ऑर्थोचे असे अभ्यासक्रम सत्तरच्या आसपास. एकेका ठिकाणी वर्षाला घेतात किती? कुठे तीन, कुठे पाच-सहा, मोजक्या ठिकाणी दहाच्या वर. या शाखेत मध्यरात्री फोन येत नाही, रुग्ण बहुतेक धडधाकट पोरंसोरं असतात, उपचार संपताना आईबापांसकट सगळे खूश असतात, आणि मिळकत दंतवैद्यकात वरच्या रांगेतली. ही कारणं अर्जासोबतच्या निबंधात कोणी लिहीत नाही. निबंधात सगळे 'हास्य' लिहितात.

पण खरी ओढ लागावी अशी गोष्ट हिरड्यांच्या आत घडते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्या पडद्यात टांगलेला असतो. एका बाजूने हलका दाब दिला की जिथे पडदा दाबला जातो तिथे हाड खाणाऱ्या पेशी जमतात. मागच्या बाजूला, जिथे ताण पडतो तिथे, हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढचं हाड विरघळतं, मागचं भरत येतं, आणि दात जिवंत हाडातून महिन्याला साधारण एक मिलिमीटर चालतो. नुसता कलता करायला पन्नास ग्रॅमच्या आसपास जोर पुरतो. जास्त लावला तर दात लवकर सरकेल असं वाटतं, पण होतं उलटंच: पडद्यातला रक्तपुरवठा तुटतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात अडून बसतो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे १९०४ साली दाखवलं होतं. घाई करणाऱ्याला इतकी रोकडी शिक्षा देणारी शाखा वैद्यकात फार नसेल.

आता निवड समितीच्या खुर्चीत बसून पाहा. पारखायचं काय? आज वळवलेली तार चुकली की बरोबर हे काही महिन्यांनी कळतं, आखलेला उपचार चुकला की बरोबर हे दोन वर्षांनी. वाढत्या वयाच्या मुलाचा जबडा कुठल्या दिशेने वाढणार याचा अंदाज आजच बांधायचा असतो. असा अंदाज बांधू शकणारा माणूस पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, अजून एकाही रुग्णाला तारा न लावलेल्या मुलामुलींतून शोधायचा. म्हणजे समितीचं कामही ऑर्थोसारखंच: निर्णय आज, निकाल फार पुढे.

१९०० साली सेंट लुइसमध्ये एडवर्ड हार्टली अँगल यांनी या विषयाची पहिली स्वतंत्र शाळा काढली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. अँगल यांना पसंत तो विद्यार्थी. शिक्षण काही आठवड्यांचं. अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या वाकड्या ठेवणीचे पाडलेले तीन वर्ग मात्र आजही मुंबईपासून मिनेसोटापर्यंत ऑर्थोचा प्रत्येक विद्यार्थी सर्वांत आधी पाठ करतो. नुसत्या मर्जीने विद्यार्थी निवडणाऱ्या माणसाकडून एवढा टिकाऊ ऐवज मिळाला, हे निवडीच्या शास्त्राला थोडं लाजवणारंच आहे.

पुढे हात पारखायची कल्पना निघाली. अमेरिकेतल्या दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत १९७२ पर्यंत खडू कोरायला लावत. उमेदवाराला खडू, पातं आणि एक आकृती द्यायची. हुबेहूब तसा आकार कोरून दाखवायचा. १९७२ मध्ये खडू गेला आणि त्याच्या जागी कागदावरची चाचणी आली: कोन लहान-मोठे लावा, घडी घातलेल्या कागदाला भोकं पाडली तर उघडल्यावर कुठे दिसतील, रचलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजूंना रंग लागेल. हातापेक्षा डोळ्यांमागचं चित्र महत्त्वाचं, असा त्या बदलाचा अर्थ. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी हात कोणी पाहत नाही. पण बीडीएसच्या पहिल्या वर्षाला लागलं की मेणाचा ठोकळा आणि लेक्रॉन कार्व्हर नावाची कोरणी हातात येते. वरचा सुळा कोरताना त्याचा फुगीर भाग एका फटक्यात जास्त खरवडला गेला की तो ठोकळा बाद, नवा घ्यायचा. बारावीत जीवशास्त्रात पहिली आलेली मुलगी इथे रडकुंडीला येते आणि काठावर पास झालेला शेजारचा मुलगा बघता बघता दात उभा करतो. हे दृश्य ज्याने पाहिलं आहे त्याला खडू काढून टाकल्याची थोडी हळहळ वाटेल. पण कार्व्हिंगमध्ये तरबेज असलेला पुढे उत्तम ऑर्थोडॉन्टिस्ट होतोच असंही नाही. तार वळवणं शिकवता येतं. कुठली तार, कधी, आणि मुख्य म्हणजे तार लावायचीच का, हे शिकवायला फार वेळ लागतो.

मार्कांची गोष्ट आणखी मजेदार आहे. अमेरिकेत दंतवैद्याला परवान्यासाठी राष्ट्रीय मंडळाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या पहिल्या भागाचे गुण ऑर्थोच्या समित्या वर्षानुवर्षं चाळणी म्हणून वापरत. परीक्षेचा हेतू एवढाच होता की हा माणूस रुग्णाला धोका नाही ना, ते पाहायचं. उत्तीर्णांमध्ये कोण सरस, हे सांगायला ती बनवलेलीच नव्हती; तरी आकडा समोर होता, म्हणून वापरला गेला. २०१२ च्या जानेवारीपासून ती परीक्षा गुण सांगेनाशी झाली, फक्त पास की नापास. पुढे २०२० मध्ये जुन्या दोन भागांच्या जागी एकच एकत्रित परीक्षा आली, तीही पास-नापासच.

आकडा गेला, आकड्याची भूक राहिली. काही विभागांनी जीआरई मागायला सुरुवात केली. इंग्रजी शब्दसंपत्ती आणि शाळकरी गणित तपासणारी ही परीक्षा दाढेचं मूळ कसं हलवावं याबद्दल काय सांगते, हे ज्याचं त्याला माहीत. मग २०१६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने खास पदव्युत्तर प्रवेशासाठी नवी परीक्षा काढली, अडॅट. गुण २०० ते ८०० या पट्टीवर, मधला बिंदू ५००. मूलभूत विज्ञान, दवाखान्यातलं ज्ञान, आणि संशोधनातले आकडे वाचता येतात का, असे तिचे विभाग. काही विभाग ती मागतात, काही मागत नाहीत. म्हणजे एक पट्टी मोडली आणि तिच्या जागी दोन अर्धवट पट्ट्या आल्या.

निवड करणाऱ्या विभागप्रमुखांना 'तुम्ही काय बघता' असं विचारणाऱ्या पाहण्या अमेरिकेत अनेकदा झाल्या आहेत. त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा वर येतात: वर्गातला क्रमांक, शिफारसपत्रं आणि मुलाखत.

क्रमांक वरवर सगळ्यांत स्वच्छ. पण शंभरांच्या वर्गातला पाचवा आणि पस्तिसांच्या वर्गातला पाचवा, यांत पुढे कोण? हार्वर्डच्या दंतमहाविद्यालयात तर पास-नापासचीच पद्धत आहे. ज्या शाळा क्रमांक देत नाहीत तिथल्या मुलांचं काय करायचं, हे प्रत्येक विभाग आपल्या अकलेने ठरवतो. शाळेचं नाव मग आपोआप क्रमांकाचं काम करू लागतं. ज्यांनी स्पर्धा कमी व्हावी म्हणून क्रमांक काढून टाकले त्यांना हे अभिप्रेत नसावं.

शिफारसपत्रांत अडचण उलटी. अमेरिकन पत्रात वाईट लिहायची पद्धतच नाही, त्यामुळे वाचणारा न लिहिलेलं वाचायला शिकतो. 'नेहमी वेळेवर येतो' एवढंच कौतुक असेल तर समजून घ्यावं. शिवाय ऑर्थोचं जग लहान आहे. सत्तरेक विभाग, त्यांतले प्राध्यापक एकमेकांचे जुने सहाध्यायी किंवा विद्यार्थी. पत्राखालची सही ओळखीची निघाली की तेच चार शब्द जड होतात. हे कोणाला वशिल्यासारखं वाटेल. ते तसं आहेही आणि नाहीही: ओळखीच्या माणसाने दिलेल्या शब्दाला त्याची स्वतःची पत तारण असते.

काही विद्यार्थी सुटीत त्या त्या विभागात जाऊन आठवडाभर राहतात, रेसिडेंटांच्या मागे उभे राहून काम बघतात, दुपारी त्यांच्याबरोबर डबा खातात. मुलाखतीच्या चाळीस मिनिटांत जे लपतं ते आठवड्यात लपत नाही, आणि विभागप्रमुखही आपल्या रेसिडेंटांना 'कसा वाटला' असं विचारतात. संशोधनाचा एखादा निबंध असला तर उत्तम. नसला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्याआधी अनेकजण वर्षभर कुठल्या तरी ऑर्थो विभागात उमेदवारी करतात.

आणि पैसा. हा घटक कुठल्याच यादीत छापलेला नसतो. अमेरिकेतला नवा दंतवैद्य सरासरी तीन लाख डॉलरच्या घरातलं शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. त्यानंतर ऑर्थोच्या काही विभागांत, विशेषतः रुग्णालयांशी जोडलेल्या, रेसिडेंटला विद्यावेतन मिळतं. काहींमध्ये उलट फी भरावी लागते आणि तीन वर्षांची बेरीज लाखो डॉलरांत जाते. पदवी तीच, शाखा तीच. उमेदवार आपली यादी लावतो तेव्हा हा फरक त्याच्या पेनाला धरून असतो, आणि ज्याचे आईवडील फी भरू शकतात त्याची यादी लांब होते. निवडीत पैसा नाही असं म्हणणाऱ्याने हे गणित एकदा मांडून बघावं.

आता मुलाखत. तिच्याबद्दल मानसशास्त्राने जे शोधलं आहे ते वाचून माझी तरी झोप उडाली.

१९७९ साली टेक्सस राज्याच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला ऐन वेळी सांगितलं, दीडशे नव्हे, दोनशे विद्यार्थी घ्या. महाविद्यालयाने तोवर सुमारे आठशे जणांच्या मुलाखती घेऊन त्यांचा क्रम लावला होता आणि वरच्या साडेतीनशेंतून वर्ग भरला होता. उशीर झालेला. चांगले उमेदवार दुसरीकडे गेलेले. उरले होते ते यादीच्या तळातले, सातशे ते आठशे क्रमांकाचे. त्यांतून पन्नास घेतले. नियतीने फुकटात मांडून दिलेला असा प्रयोग संशोधकांना क्वचित मिळतो. पुढे त्यांनी दोन्ही गटांची प्रगती तपासली: परीक्षा, वॉर्डातलं काम, गळती, सन्मान. फरक सापडला नाही. मुलाखतकारांनी सर्वोत्तम ठरवलेले आणि नाकारलेले सारखेच डॉक्टर झाले. दोन गटांमध्ये कागदावर जो फरक होता त्यातला मोठा वाटा मुलाखतकारांच्या मताचा होता, आणि ते मत हवेतलं निघालं.

२०१३ मध्ये अमेरिकेत जेसन डेना, रॉबिन डॉस आणि सहकाऱ्यांनी याहून खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाखत घेणाऱ्याने समोरच्या विद्यार्थ्याचे पुढचे मार्क ओळखायचे. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याला गुपचूप सांगितलं होतं, खरं बोलायचं नाही. प्रश्नातल्या शब्दांच्या आद्याक्षरावरून एका ठरावीक नियमाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. म्हणजे उत्तरं शुद्ध अर्थशून्य. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कोणाच्याही हे लक्षात आलं नाही. आपल्याला समोरचा माणूस कळला, असं त्यांना तितक्याच खात्रीने वाटत राहिलं. आणि नुसते जुने मार्क बघून जो अंदाज बांधता आला असता त्यापेक्षा मुलाखतीनंतरचा अंदाज जास्त चुकला. मुलाखतीने माहिती वाढवली नाही, आत्मविश्वास वाढवला.

यावर उपाय नाही असं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एका लांब मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या दहा मुलाखतींची पद्धत आखली आणि २००४ मध्ये तिचा अहवाल छापला. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, वेगळा प्रसंग, आठ-दहा मिनिटं, ठरलेले प्रश्न, वेगळे गुण. एका परीक्षकाला तुमचं हसणं फार आवडलं किंवा नावडलं, तरी बाकीचे नऊ ते झाकून टाकतात. ही पद्धत जगभर वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशांत पसरली. तरीही तीन जागा आणि चार प्राध्यापक असलेल्या ऑर्थोच्या विभागात टेबलाभोवती बसून गप्पा मारण्याची ओढ काही सुटत नाही. त्यात एक प्रामाणिक कारण आहे: ज्याला घ्यायचं त्याच्याबरोबर तीन वर्षं एका छोट्या क्लिनिकमध्ये रोज काढायची आहेत. 'हा चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट होईल का' या प्रश्नाचं उत्तर मुलाखतीत मिळत नसेल; 'याच्याशी आपलं जमेल का' याचं थोडंफार मिळतं. फक्त दुसऱ्याला पहिला समजू नये.

इथवर सगळी माणसांची धडपड. आता याद्या टोरांटोला जातात.

अशा यंत्राची गरज का पडली ते सांगायला १९४० च्या दशकातल्या अमेरिकन रुग्णालयांकडे जावं लागतं. इंटर्न कमी, रुग्णालयं जास्त, म्हणून चांगला विद्यार्थी आधी गाठण्याची चढाओढ लागली. १९४४ पर्यंत पदवीच्या दोन दोन वर्षं आधी नेमणुका होऊ लागल्या. महाविद्यालयांनी मिळून ठरावीक तारखेआधी विद्यार्थ्यांची माहितीच द्यायची नाही असं केलं, तर चढाओढ घड्याळात शिरली. १९४५ मध्ये उत्तर द्यायला दहा दिवस मिळत. १९४९ पर्यंत बारा तासही फार वाटू लागले. तार आली की लगेच हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. हव्या असलेल्या ठिकाणाचं उत्तर यायच्या आत नको असलेल्या ठिकाणाला हो म्हणावं लागे.

मग १९५१ मध्ये सगळ्यांच्या याद्या एकत्र करून जोड्या लावायची योजना पुढे आली. पहिल्या आराखड्यात एक खोट होती: खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होऊ शके. ती पकडली विद्यार्थ्यांनी, हार्वर्डच्या हार्डी हेन्ड्रेन यांच्या पुढाकाराने. त्यांनी बंड केलं, पद्धत बदलायला लावली, आणि बदललेली पद्धत १९५२ पासून सुरू झाली. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी यातलं काहीही ठाऊक नसताना लग्नं जुळवण्याचं उदाहरण घेऊन सात पानांचा निबंध लिहिला. १९८४ मध्ये ॲल्विन रॉथ यांनी दाखवलं की डॉक्टर लोक चालवत होते ती पद्धत आणि या निबंधातली पद्धत मुळात एकच आहे. पुढे रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी ती उमेदवारांच्या बाजूने फिरवून घेतली. टोरांटोची ती कंपनी या पेरॅन्सन यांचीच. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल चार वर्षं आधीच गेले होते. २०१२ म्हणजे ज्या वर्षी ऑर्थोच्या समित्यांच्या हातून मार्क गेले, तेच वर्ष.

यंत्र चालतं कसं? समजा तीन उमेदवार आहेत, अनघा, बेन आणि कार्ला. जागा दोनच, एक बॉस्टनला, एक ह्यूस्टनला. अनघा आणि बेन दोघांना आधी बॉस्टन हवं, मग ह्यूस्टन. कार्लाला आधी ह्यूस्टन, मग बॉस्टन. बॉस्टनचा क्रम: कार्ला, बेन, अनघा. ह्यूस्टनचा क्रम: अनघा, कार्ला, बेन.

अनघा बॉस्टनकडे जाते. जागा रिकामी, तात्पुरती मिळते. बेनही बॉस्टनकडे जातो. बॉस्टनला तो अनघापेक्षा बरा वाटतो, अनघा बाहेर. ती ह्यूस्टनला जाते, तिथे तात्पुरती बसते. आता कार्ला ह्यूस्टनकडे येते, पण त्यांना अनघा जास्त पसंत, नकार. कार्ला बॉस्टनकडे वळते. तिथे ती पहिली पसंती, बेन उठला. बेन ह्यूस्टनला धावतो, तिथे अनघा त्याच्या वर. संपलं. कार्ला बॉस्टनला, अनघा ह्यूस्टनला, बेन घरी. सगळी मखलाशी 'तात्पुरती' या एका अटीत आहे: शेवटचा माणूस थांबेपर्यंत कोणालाच पक्कं हो मिळत नाही.

आता बेनने हुशारी केली असती तर? बॉस्टनला गर्दी आहे, ह्यूस्टन आधी लिहू, असा सल्ला त्याला एखाद्या सीनियरने दिला असता तर? कागदावर करून पाहा. फिरून फिरून निकाल तोच येतो.

आणि याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट: बेनला काही मिळालं नाही, पण तो यादीत नसता तर अनघाला बॉस्टन आणि कार्लाला ह्यूस्टन, दोघींनाही पहिली पसंती मिळाली असती. तो आडवा आला, दोघींना एकेक पायरी खाली उतरवलं आणि स्वतः बाहेर पडला. कोणाची चूक नाही, कोणाचा अन्याय नाही, आणि निकालपत्रात याचा मागमूसही नाही. दोघींना वाटणार, आपल्या मुलाखतीतच काहीतरी बिघडलं.

आपल्याकडच्या नीट एमडीएस या पदव्युत्तर दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेकडे या चष्म्यातून पाहिलं तर ती याच यंत्राचं सगळ्यांत साधं रूप दिसते. २४० प्रश्न, तीन तास, बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा, एकूण ९६०. आरक्षण आणि कोटे बाजूला ठेवले तर देशातल्या सगळ्या कॉलेजांची उमेदवारांची यादी एकच: रँक. सगळ्यांची यादी एकच असली की गेल आणि शॅप्लींचं गणित एका ओळीवर येतं, वरच्या रँकवाल्याने आधी उचलावं. म्हणून आपल्याकडे ऑर्थो आणि एन्डोच्या (रूट कॅनाल करणाऱ्या शाखेच्या) सरकारी जागा बघता बघता संपतात आणि मागच्यांची फीच्या आकड्यांशी झटापट सुरू होते. आपल्या पद्धतीत मुलाखतकाराचा भ्रम नाही, ओळखीच्या सहीचं वजन नाही. हा फायदा थोडाथोडका नाही. किंमत अशी, की ज्याला तीन वर्षं तारा वळवायच्या आहेत त्याचा हात, संयम, रुग्णाशी बोलणं यांतलं काहीच कोणी पाहिलेलं नसतं. आणि आपल्या फेऱ्यांवर फेऱ्या, भरलेली अनामत, सोडायची की धरायची, या सगळ्यात एका यंत्राने एकदाच निकाल देण्याचा गुण हरवतो. मग डावपेच आलेच.

महाराष्ट्रातून बीडीएस करून अमेरिकेत ऑर्थो करायला जाणाऱ्यांना दोन्ही जगांचे चटके बसतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर पासष्ट टक्के म्हणजे प्रथम वर्ग. अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला तोच आकडा जेमतेम वाटतो, म्हणून तो अमेरिकन पट्टीत बदलून घ्यावा लागतो. बरेचजण आधी दोन-तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम करून तिथली पदवी घेतात आणि मग इतरांसारखा अर्ज करतात. काही विभाग परदेशी पदवीवर थेट घेतात, पण नुसत्या रेसिडेन्सीवर परवाना सगळी राज्यं देत नाहीत. शिफारसपत्राखालची सही तिथे कोणी ओळखत नाही. म्हणून आपली मुलं संशोधनावर आणि तिथे जाऊन आठवडाभर काम बघण्यावर भर देतात. परक्या जगात ओळख मिळवायचा तोच एक सरळ रस्ता आहे.

तुमच्या घरातलं कोणी या वाटेवर असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा. निबंध, पत्रं, मुलाखत यांवर हवी तेवढी मेहनत घे, तिथे मेहनतीला आणि नशिबाला दोघांनाही वाव आहे. पण यादी लिहिताना 'तिथे आपल्याला कोण घेणार' हा विचार बाजूला ठेव. फी आणि कर्ज धरून जे ठिकाण तुला खरोखर सर्वांत आधी हवं ते वर लिही, मग त्याखालचं. जिथे जायचंच नाही ते लिहू नकोस, कारण जोडी लागली तर जावं लागेल. व्हॉट्सॲपवरच्या सीनियरांचे डावपेच ऐकून क्रम बदलू नकोस. जोड्या लावणारी कंपनी स्वतःच्या सूचनांमध्ये हेच सांगते, आणि या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवायला गणिताची साक्ष आहे.